टर्बो एकटा येत नाही

लॅटिन भाषेत 'टर्बो' म्हणजे वावटळ, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे मुलांचा भोवरा. मराठीतही भोवरा म्हणजे पोरांच्या हातातले खेळणे आणि नदीत गरगरणारे पाणी, दोन्ही. उर्दूत मात्र वाटणी झाली आहे: पाण्यातला तो भंवर आणि हातातला तो लट्टू. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हा शब्द म्हणूनच आवडतो. खेळणे आणि धोका एकाच नावात राहतात.

माझे काही जुने विद्यार्थी आज वाहन कारखान्यांत आणि गॅरेजांत काम करतात. त्यांच्या गप्पांत एक प्रश्न वारंवार येतो: ट्रॅकवर पळवायच्या गाडीला कुठला टर्बो बसवावा? मग कंपन्यांची नावे येतात, आकडे येतात, चारशे अश्वशक्ती, पाचशे अश्वशक्ती. मी काही इंजिनिअर नाही. पण एखाद्या गोष्टीचा इतिहास वाचला की तिच्याबद्दलचा प्रश्नच बदलतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे. टर्बोचा इतिहास वाचताना मला हेच दिसले. ज्यांनी वळणांच्या रस्त्यावर टर्बोची गाडी जिंकवली, त्यांनी सगळ्यात जास्त वेळ टर्बोवर घालवलाच नाही. तो वेळ इंधनाचे माप, हवेचा थंडावा, ब्रेक आणि ड्रायव्हरच्या उजव्या पायाखालची ती इंचभर हालचाल यांवर गेला. या लेखात तीच हकिकत सांगायची आहे.

जहाज आणि विमान: सोपी परीक्षा

आधी यंत्र समजून घेऊ. इंजिनात इंधन जळते आणि गरम धूर सायलेन्सरमधून बाहेर पडतो. त्या धुरात बरीच ऊर्जा शिल्लक असते आणि ती वाया जाते. टर्बोमध्ये हा धूर एका छोट्या चक्रावर सोडतात. ते चक्र म्हणजे टर्बाइन. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, कॉम्प्रेसर. ते बाहेरची हवा ओढून दाबते आणि इंजिनात ढकलते. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेल्या या दाबाला बूस्ट म्हणतात.

ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. त्याचे पेटंट १९०५ चे आहे. पण कल्पना आणि काम यांच्यात वीस वर्षे गेली. १९२० च्या दशकात जर्मनीच्या दोन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर टर्बो बसला आणि इंजिनाची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. त्याच्या आधी, १९१८ साली, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या डोंगरावर नेऊन टर्बोसह चालवून दाखवले होते. उंचावर हवा विरळ असते, इंजिनाला दम लागतो. टर्बोने तो दम भरून काढला.

जहाज आणि विमान यांच्यात एक साम्य आहे. दोघांचे इंजिन तासन् तास एकाच गतीने चालते. धूर एकसारखा येतो, टर्बाइन एकसारखे फिरते. टर्बोसाठी ही सोपी परीक्षा. रस्त्यावरच्या गाडीत तसे नसते. तिथे दर काही सेकंदांनी पाय उचलला जातो आणि पुन्हा दाबला जातो.

१९६२: डेट्रॉइटचे दोन धडे

सामान्य ग्राहकाला टर्बोची मोटार पहिल्यांदा मिळाली ती १९६२ साली अमेरिकेत. जनरल मोटर्सने त्या वर्षी एक नाही, दोन गाड्या आणल्या: शेवरोलेची कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर आणि ओल्ड्समोबिलची जेटफायर. दोन्हींची गोष्ट आजही गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

बूस्ट मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून टर्बोला एक झडप लागते. ठरलेला दाब झाला की ती उघडते आणि जादा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. या झडपेला वेस्टगेट म्हणतात. कॉर्व्हेअरमध्ये ही झडप नव्हती. धूर बाहेर पडण्याच्या वाटेतच, सायलेन्सरमध्ये, इतका अडथळा ठेवला होता की बूस्ट आपोआप आटोक्यात राही. आता कल्पना करा, एखाद्या हौशी मालकाने आवाज चांगला यावा म्हणून मोकळा सायलेन्सर बसवला. टर्बोला त्याने हातही लावला नाही, पण अडथळा गेला म्हणजे बूस्टचा लगाम गेला. सायलेन्सर हा तिथे टर्बोचाच भाग होता.

जेटफायरची अडचण वेगळी. तिच्या साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनाचे कॉम्प्रेशन १०.२५ ला १ इतके होते. एवढ्या कॉम्प्रेशनवर वरून टर्बोची दाबलेली हवा घातली की पेट्रोल ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचण्याआधी स्वतःच पेटू लागते. यालाच मेकॅनिक नॉकिंग म्हणतात, आणि ते जास्त वेळ चालले की पिस्टन जातो. उपाय म्हणून कंपनीने पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय केली. त्यासाठी वेगळी टाकी होती आणि ती मालकाने भरत राहायची होती. टाकी रिकामी झाली तर गाडी बूस्ट कमी करून इंजिन वाचवायची. कागदावर हिशेब बरोबर होता. पण मालक टाकी भरायला विसरले आणि मग गाडी पळत नाही म्हणून तक्रार करू लागले. दोन वर्षांत जेटफायर बंद झाली आणि पुढे कंपनीने अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला.

टर्बो दोन्ही गाड्यांत ठीक चालत होता. घोटाळा झाला तो त्याच्या सोबत्यांत. एकीकडे लगाम सायलेन्सरच्या भरवशावर होता, दुसरीकडे थंडावा मालकाच्या आठवणीच्या भरवशावर.

वळणांचा रस्ता का अवघड

१९६८ साली बॉबी अन्सरने टर्बो लावलेल्या ऑफेनहाउझर इंजिनाच्या गाडीने इंडियानापोलिस ५०० ही शर्यत जिंकली. मग टर्बोने शर्यत जिंकून दाखवली होतीच की, असे कुणी म्हणेल. पण इंडियानापोलिसचा ट्रॅक म्हणजे चार वळणांचा लंबगोल. तिथे इंजिनाची गती फार खाली येतच नाही. रोड-कोर्स म्हणजे डावी-उजवी वळणे, चढ-उतार, जोरात ब्रेक मारून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर येणे आणि वळणातून निघताना पुन्हा ताकद मागणे.

ताकद मागितली आणि ती मिळाली यांच्या मधल्या उशिराला लॅग म्हणतात. वळणात पाय उचललेला असतो, धूर थोडा येतो, टर्बाइन मंदावते. पाय पुन्हा दाबला तरी ते चक्र आधी वेगात यावे लागते, मग हवा दाबली जाते, मग ताकद येते. तोवर गाडी वळणाच्या मध्यावर असते, टायर आडव्या ओढीने आधीच ताणलेले असतात, आणि नेमक्या त्या क्षणी सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर येऊन आदळते. गाडी स्वतःभोवती फिरते. भोवऱ्याचे नाव लावणाऱ्या यंत्राने गाडीचाच भोवरा करावा, असा हा प्रकार.

टर्बो निवडताना पहिला पेच इथेच आहे. मोठा टर्बो वरच्या गतीला भरपूर हवा देतो पण उशिरा जागा होतो. छोटा लवकर जागा होतो पण वर जाऊन गुदमरतो. लांब सरळ रस्त्यावर उशीर खपतो. वळणांच्या ट्रॅकवर उशिराचा हिशेब दर वळणाला द्यावा लागतो.

वायझाख, १९७२

पोर्शेची ९१७ ही गाडी १९७० आणि १९७१ अशी दोन वर्षे ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. तिचे इंजिन हान्स मेत्झगर यांनी आखलेले, बारा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे. १९७२ पासून जागतिक स्पर्धेत इंजिनावर तीन लिटरची मर्यादा आली आणि ही गाडी तिथे बाद झाली. पोर्शेने मोर्चा अमेरिकेकडे वळवला. तिथे कॅन-ॲम नावाची मालिका होती, तिच्यात इंजिनाच्या आकाराला मर्यादाच नव्हती. मॅक्लारेनच्या गाड्या तिथे मोठमोठी व्ही-८ इंजिने घेऊन राज्य करत होत्या.

त्यांच्या तोडीची ताकद आणायला पोर्शेपुढे दोन वाटा होत्या. पहिली, सोळा सिलिंडरचे इंजिन. ते बनवून तपासलेही गेले. दुसरी, जुन्याच बारा सिलिंडरला दोन टर्बो, एकेका बाजूच्या सहा सिलिंडरला एकेक. सोळा सिलिंडरने वजन आणि लांबी वाढत होती. टर्बो निवडला गेला. पाच लिटरचे जे इंजिन टर्बोविना सहाशेच्या थोडे पुढे अश्वशक्ती देई, ते हजाराच्या आसपास पोहोचले. त्यासाठी कॉम्प्रेशन साडेदहाच्या आसपास होते ते साडेसहाला उतरवले. जेटफायरवाल्यांनी जे टाळले होते ते इथे आधीच केले.

आणि तरी गाडी चालवण्यालायक नव्हती. अमेरिकेतला रॉजर पेन्स्की यांचा संघ ती शर्यतीत उतरवणार होता आणि चालवणार होता मार्क डॉनह्यू. डॉनह्यू हा ब्राउन विद्यापीठातून इंजिनिअर झालेला ड्रायव्हर. जर्मनीतल्या वायझाखच्या चाचणी ट्रॅकवर त्याने गाडी चालवली आणि त्याचा अनुभव असा, की इंजिन दिव्याच्या बटणासारखे वागते: एक तर बंद, नाही तर पूर्ण चालू. मधले काहीच नाही. कारखान्यातल्या चाचणीच्या बाकावर मात्र तेच इंजिन पूर्ण दाबावर उत्तम आकडे देत होते.

इथे मला माझा वर्ग आठवतो. वार्षिक परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेणारा मुलगा साध्या गप्पांत अडखळतो, कारण त्याची तयारी फक्त परीक्षेच्या प्रश्नांची झालेली असते. इंजिनाची तयारी पूर्ण दाबाची झाली होती. वळणातून निघताना ड्रायव्हर पूर्ण दाब देत नाही. तो पाव देतो, अर्धा देतो, थांबतो, पुन्हा देतो. त्या अर्ध्या-मुर्ध्या अवस्थांत इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे, हा हिशेब कच्चा होता.

हेल्मुट फ्लेगल आणि व्हॅलेंटिन शेफर हे पोर्शेचे इंजिनिअर आणि डॉनह्यू यांनी मग त्याच्यावर काम केले. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. बॉशचा यांत्रिक पंप पेट्रोल मोजून द्यायचा आणि त्या पंपाचे माप एका खास आकाराच्या धातूच्या तुकड्यावर ठरायचे. इंजिनाची गती आणि अ‍ॅक्सिलरेटरची स्थिती यांप्रमाणे त्या तुकड्याचा वेगवेगळा भाग पंपाला स्पर्श करी. म्हणजे आज लॅपटॉपवर जो 'मॅप' बदलतात, तो तेव्हा पोलाद घासून बदलावा लागे. हे काम चिकाटीचे होते. पण ते झाल्यावर तीच गाडी, तेच टर्बो, ड्रायव्हरच्या पायाचे ऐकू लागले.

जून १९७२ मध्ये कॅनडातल्या मॉस्पोर्टला ९१७/१० शर्यतीत उतरली आणि सगळ्यांच्या पुढे निघाली. मग हवेच्या मार्गातली एक छोटी झडप अडकली, गाडी दुरुस्तीला थांबवावी लागली आणि डॉनह्यू दुसरा आला. हजार अश्वशक्ती एका झडपेवर अडली. जुलैमध्ये सराव करताना मागचा पत्रा उडून त्याचा मोठा अपघात झाला, गुडघा मोडला, आणि त्याच्या जागी बसलेल्या जॉर्ज फॉल्मरने पाच शर्यती आणि ते वर्ष जिंकले.

आधी लांबी, मग ताकद

१९७३ ची ९१७/३० आली ती ५.४ लिटरचे इंजिन आणि अकराशे अश्वशक्ती घेऊन. पेपरात हाच आकडा छापला गेला आणि आजही तोच सांगितला जातो. पण बाकी काय बदलले ते पाहा. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.३ मीटरवरून २.५ मीटरवर नेले, म्हणजे गाडी सरळ वेगात आणि ताकद येताना स्थिर राहील. शरीर लांब केले, शेपूट लांब केले, म्हणजे हवा तिला जमिनीला धरून ठेवील. टर्बोची भूक भागवायला पेट्रोलची टाकी सुमारे चारशे लिटरची केली. आणि ड्रायव्हरच्या हाताशी बूस्ट कमी-जास्त करण्याची एक कळ दिली. सुरुवातीला पुढे निघण्यासाठी बूस्ट वाढवायचा, नंतर इंजिन आणि पेट्रोल वाचवण्यासाठी उतरवायचा. त्या वर्षी आठपैकी सहा शर्यती डॉनह्यूने ओळीने जिंकल्या.

मग तेलसंकट आले. १९७४ साठी कॅन-ॲमने पेट्रोल वापरावर मर्यादा घातली, आणि पेट्रोल पिणारी ही गाडी घरी बसली. सोबत्यांच्या यादीत इंधनही असते, हे विसरून चालत नाही.

तिची शेवटची मोठी कामगिरी ऑगस्ट १९७५ ची. अलाबामातल्या टॅलाडेगाच्या लंबगोल ट्रॅकवर डॉनह्यूने ताशी २२१.१२ मैल, म्हणजे सुमारे ३५६ किलोमीटर, असा बंद ट्रॅकवरचा विक्रम केला. तो सहज झाला नाही. वळणांच्या ट्रॅकवर पाय उचलला जातो तेव्हा इंजिनालाही श्वास मिळतो. टॅलाडेगाला पाय उचलायचाच नव्हता. उष्णतेने इंजिन टिकेना. तेव्हा दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी, इंटरकूलर, बसवावी लागली.

२,१४२ चा हिशेब

या इंटरकूलरचे महत्त्व समजायला सायकलचा पंप पुरेसा आहे. हवा भरताना पंपाचे टोक गरम होते. हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा टर्बोने १.८ पट दाबली, तर ती शंभर अंशांच्या आसपास जाऊन पोहोचते. गरम हवा विरळ असते, म्हणजे दाबण्याचा अर्धा फायदा तिथेच गळतो, आणि नॉकिंगची भीती वाढते ती वेगळीच. हवा थंड करून दिली की त्याच बूस्टवर ताकदही जास्त आणि पिस्टनचे आयुष्यही जास्त.

१९७४ मध्ये पोर्शेने ९११ या नेहमीच्या आकाराच्या गाडीची शर्यतीची टर्बो आवृत्ती काढली, करेरा आरएसआर टर्बो. तिचे इंजिन होते २,१४२ घनसेंटिमीटरचे. असा विचित्र आकडा का? नियम असा होता, की टर्बो इंजिनाचा आकार १.४ ने गुणून धरायचा आणि तो तीन लिटरच्या आत बसला पाहिजे. २,१४२ गुणिले १.४ म्हणजे २,९९८.८. एका लिटरच्या हजाराव्या भागापर्यंत कसून काढलेला हिशेब! या छोट्या इंजिनाला एकच टर्बो, सोबत इंटरकूलर, आणि ताकद पाचशे अश्वशक्तीच्या घरात. त्या वर्षी ल मॉंला गीस फान लेनेप आणि हर्बर्ट म्युलर यांनी ती दुसऱ्या क्रमांकावर आणली. शेवटी शेवटी तिचा गिअरबॉक्स त्रास देऊ लागला होता. ताकद वाढली की ती वाहून नेणारा प्रत्येक भाग रांगेत उभा राहतो, आणि सगळ्यात कच्चा आधी बोलतो.

दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, ९३६ या गाडीने याच पद्धतीच्या इंजिनावर ल मॉं जिंकले. तिथला टर्बोचा तो पहिला विजय.

त्याच १९७६ मध्ये ९३५ ही ९११ ची आणखी तगडी बहीण आली. तिच्या इंटरकूलरवरून वाद झाला. तो बसवण्यासाठी मागच्या झाकणाचा आकार बदलला होता आणि नियामकांनी ते अमान्य केले. ऐन हंगामात पोर्शेला हवेऐवजी पाण्याने थंड होणारा, कमी जागेत मावणारा इंटरकूलर तयार करावा लागला. पुढे कलोनच्या क्रेमर बंधूंनी आपल्या ९३५ के-३ मध्ये पुन्हा हवेवर थंड होणारा इंटरकूलर मांडला आणि १९७९ मध्ये ल मॉं जिंकले. टर्बोच्या पात्याइतकाच विचार त्या जाळीच्या जागेवर झाला होता.

आणि १९७७ च्या ९३५ मध्ये एका मोठ्या टर्बोच्या जागी दोन छोटे आले. कारण तेच, वळणातून निघतानाचा उशीर. फॉर्म्युला वनमध्ये रेनॉनेही हाच रस्ता धरला. जुलै १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला त्यांची पहिली टर्बो गाडी आली, आणि ती इतक्या वेळा धूर काढत थांबली की तिला पिवळी चहाची किटली म्हणत. मार्च १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्यालामीला मात्र झां-पिएर झाबुईने सरावात सर्वांत वेगवान वेळ दिली. क्यालामी दीड हजार मीटर उंचीवर आहे. बाकीच्यांची इंजिने विरळ हवेत धापा टाकत होती. पाइक्स पीकचाच धडा पुन्हा. त्या वर्षी रेनॉने एका टर्बोचे दोन केले आणि १ जुलैला डिजॉंला झाबुईने शर्यत जिंकली.

ब्रेक तीन वर्षांनी आले

शर्यतीत शिकलेले रस्त्यावर आले ते ऑक्टोबर १९७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात. पोर्शे ९११ टर्बो: तीन लिटर, २६० अश्वशक्ती, चार गिअर, ०.८ बार बूस्ट, इंटरकूलर नाही. खालच्या गतीला ती शांत, आणि मग एकदम वावटळ. ओल्या वळणावर तिने किती जणांना रस्त्याबाहेर काढले असेल! इंग्रजीत तिला विधवा करणारी असे टोपणनाव पडले. टोपणनावे अतिशयोक्ती करतात, पण उगाच पडत नाहीत. त्या गाड्या शर्यतीचे ड्रायव्हर विकत घेत नव्हते. हौशी, पैसेवाली, साधी माणसे घेत होती.

१९७८ च्या आवृत्तीत इंजिन ३.३ लिटरचे आणि ताकद ३०० अश्वशक्तीची झाली, मागच्या पंखाखाली इंटरकूलर आला. पण माझ्या मते त्या वर्षीचा खरा बदल चाकांच्या आत होता. ९१७ या शर्यतीच्या गाडीच्या ब्रेकवरून घेतलेले, भोके पाडलेले, हवेशीर डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर तिला मिळाले. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे शाळेच्या विज्ञानात आहे. शर्यतीच्या गाडीत कंपनीने तो हिशेब पहिल्या दिवशी केला होता. रस्त्यावरच्या ग्राहकाच्या वाट्याला तो तीन वर्षे उशिरा आला. सुधारणांचा क्रम उलटा लागला की काय होते, याचे ९११ टर्बोची ती पहिली तीन वर्षे हे उदाहरण आहे.

मग कुठला टर्बो?

एवढे वाचल्यावर मुलांचा तो प्रश्न माझ्या डोक्यात वेगळ्या क्रमाने येतो.

पहिले, ट्रॅक कुठला? कोईमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे छोटा आणि वळणांचा आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे. एकाला साजेसा टर्बो दुसऱ्याला साजेलच असे नाही. ट्रॅकवरच्या सगळ्यात मंद वळणातून निघताना इंजिन कुठल्या गतीवर असते, ते आधी पाहावे, आणि त्या गतीला जागा असेल असा टर्बो घ्यावा. वरचा आकडा थोडा कमी आला तरी चालेल. पाच मिनिटांच्या फेऱ्यांत तो तोटा भरून निघतो.

दुसरे, इंजिन किती दाब सोसू शकते? त्याचे कॉम्प्रेशन, पिस्टन, कनेक्टिंग रॉड. आणि त्या दाबाला पुरेल इतके पेट्रोल पंप आणि इंजेक्टर देऊ शकतात का? कमी पेट्रोल आणि जास्त हवा म्हणजे पिस्टनला भोक.

तिसरे, उष्णता. इंटरकूलर, रेडिएटर, ऑइल कूलर. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारतो आणि इंजिनाच्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ते ऑइल जळके झाले की टर्बो संपला.

चौथे, वेस्टगेट आणि मॅप, म्हणजे लगाम. मॅप करणाऱ्याला पूर्ण दाबाचा आलेख विचारू नका. पाव दाबाला आणि अर्ध्या दाबाला गाडी कशी वागते ते विचारा. डॉनह्यूने तेच विचारले होते.

पाचवे, क्लच, गिअरबॉक्स, टायर आणि ब्रेक. यांतला ब्रेक तर मी टर्बोच्या आधी घ्यायला सांगेन. ब्रेकचे पॅड आणि उकळत नाही असे ब्रेक ऑइल हा पहिला खर्च, टर्बो हा शेवटचा.

आणि ही सगळी कारागिरी ट्रॅकपुरती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. कायदा सोडा, आपल्या रस्त्यांवर शाळकरी मुले, सायकली आणि म्हातारी माणसे असतात. तिथे अर्ध्या सेकंदाचा लॅग दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर बेततो.

पोर्शेने २००६ मध्ये ९११ टर्बोत एक नवी सोय दिली: टर्बाइनभोवतीची पाती स्वतः वळतात, कमी धुराला वाट अरुंद करतात आणि जास्त धुराला रुंद. एकच टर्बो छोटाही होतो आणि मोठाही. १९७२ मध्ये वायझाखला जो पेच पडला होता, त्याचे हे चौतीस वर्षांनी आलेले उत्तर. मार्क डॉनह्यूला ते पाहायला मिळाले नाही. टॅलाडेगाच्या विक्रमानंतर दहा दिवसांनी, १९ ऑगस्ट १९७५ रोजी, तो गेला. ऑस्ट्रियात फॉर्म्युला वनच्या सरावात त्याला अपघात झाला होता, आणि त्या दिवशी त्याच्या गाडीत टर्बो नव्हता. हजार अश्वशक्तीला त्याने नीट वागायला शिकवले होते. त्याचा तो प्रश्न मात्र कुठल्याही गाडीला विचारता येतो: पाय अर्धा दाबला असताना ती माझे ऐकते का?